शुद्ध लोकरीचा अर्ज

कार्तिक वद्य ५, शके १८५६. मु. कल्याणी

आज मी खरं म्हणजे गाणगापूरच्या वाटेवर बराच पुढं असायला पाहिजे होतो. आईनं पिशवीत नारळ घालून बजावलं होतं, "राघोबा, दत्तजयंतीच्या आत हा देवापुढं फोड, आणि वाटेत कुठं तोंड वासून बघत बसू नको." नवस तिचा आहे, माझ्यासाठी. माझं चित्त एका जागी राहावं म्हणून. ठाणाकुशनूर सोडून नऊ दिवस झाले आणि मी आत्ता कुठं कल्याणीत पोचलोय.

झालं असं, की वेशीबाहेरच्या धनगर गल्लीत एक माणूस आणि त्याची बायको ताणून बांधलेल्या काळ्या घोंगड्याला कुंच्यानं खीर फासत होते. घोंगड्याला खीर कामून? थांबलो. ती चिंचोक्याची खळ निघाली. खळीनं घोंगडं ताठ होतं आणि पावसाचं पाणी वरच्यावर घरंगळतं.

"बघत काय बसलायस? धर की तिकडचं टोक," माणूस म्हणाला.

धरलं. दिवस तिथंच मावळला. माणसाचं नाव निंगप्पा, बायको यल्लम्मा. त्यांनी भाकरी दिली, पडवीत झोपायला नवं घोंगडं दिलं. माणसं चांगली आहेत. उद्या सकाळी निघायचं.

वद्य ६

निघालो नाही. मान आणि पाठ भयंकर खाजते आहे. पडवीत ढेकूण असावेत.

निंगप्पाण्णाचा माग बघत बसलो होतो. माग जमिनीतच आहे. कंबरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या. खड्डा त्यांच्या आज्ज्यानं खणलेला. गल्लीत असे अकरा माग होते, आता तीन उरलेत. बाकीचे बुजवले. एकावर शेळी बांधतात. एकावर तुळस लावली होती, तीही जळली.

निंगप्पाण्णाच्या मागाशेजारी मुरमाचा ढीग आहे. मी विचारलं, "भिंत लिंपायलाय का अण्णा?"

"खड्डा बुजवायला आणलाय. चंपाषष्ठीपर्यंत वाट बघणार. तवर घोंगडी हलली न्हाईत तर माती टाकणार आन गुलबर्ग्याच्या गिरणीत जाणार. तिथं उभ्यानं काम असतंय म्हणे. पाय वर राहतील, एवढं तरी बरं."

हसले, पण ढिगाकडं बघितलं नाही.

कारण बाजारात आहे. अमृतप्पा नावाच्या मोठ्या दुकानदाराकडं इटली नावाच्या मुलखातून रग आलेत. तांबडे, हिरवे, पट्ट्यांचे, मऊ. घोंगड्याच्या निम्म्या किमतीत. इटलीत मेंढ्या किती असतील?

वद्य ९

आज दवंडी पिटली. हैदराबादेहून एक साहेब मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला इथल्या कचेरीत येणार. बाहेरच्या रगांवर करोडगिरी वाढवावी का तशीच ठेवावी, याबद्दल कारागीर आणि व्यापारी दोघांची जबानी घेणार. करोडगिरी म्हणजे आमच्या निजामी मुलखातली जकात. पंचमी म्हणजे चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी! मी निंगप्पाण्णाला म्हटलं, "हा देवाचाच हिशेब आहे. मी अर्ज लिहितो. उदगीरला चौथी झालोय, शिवाय तीन महिने उर्दू शिकलोय."

"तीनच महिने कामून?"

"मास्तर बदलले." (मास्तर तेच होते. मी एका अस्वलवाल्याच्या मागं औशाला गेलो होतो. हे इथं लिहायला हरकत नाही.)

यल्लम्माक्का दिवसभर सूत काततात. त्यांच्यापुढं दोन टोपल्या असतात. एकीत मेंढीची लोकर आणि दुसरीत शेळीचे राठ काळे केस. "हे कशाला अक्का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "दोराला." गल्लीत दोर फार लागत असावेत.

खाज आहेच. ढेकूण नाहीत, मी पडवी धुऊन काढली. कल्याणीचं पाणी बाधत असावं.

वद्य ११

अर्ज लिहिण्याआधी शत्रूचं बघून यावं म्हणून अमृतप्पांच्या दुकानी गेलो. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. माणूस गोड. मला आल्याआल्या गूळ-पाणी दिलं.

"बसा कुशनूरकर! अर्ज लिहायलाय म्हणे? लिहा की. पण एक सांगा, अंगातला सदरा कुठला?"

"सोलापूरच्या गिरणीचा."

"सोलापूर निजामात हाय का?"

"न्हाई."

"मग त्याच्यावर बी जकात वाढवा. कंदील कुठला? काडेपेटी कुठली? घोंगड्याच्या दोन पट्ट्या मधोमध शिवायला निंगप्पाला सुई लागती, ती काय धनगर गल्लीत पिकती? एका दाराला कडी घातली की सगळ्या दारांना घालावी लागती बाबा. वाट मोकळी असली तर जिन्नस येतंय, जातंय, माणूस जगतंय. आन ज्या गरिबाला घोंगडं परवडत न्हाई, त्यानं थंडीत काय तुमचा अर्ज पांघरायचा?"

मी रग हातात घेऊन पाहिला. मांजरीच्या पिल्लासारखा मऊ. परत येताना माझं मत पुरतं फिरलं होतं. निंगप्पाण्णाला सगळं सांगून टाकलं. ते मागावरून उठलेसुद्धा नाहीत.

"अप्पाला म्हणावं, दार उघडं ठेव. पण पाव्हणा आत आला आन घरचाच उंबऱ्याबाहेर पडला, त्याला काय म्हणायचं? आज आमचे माग बुजले, की उद्या तोच रग महाग हुईल. तवा कुठं जातील तुझे गरीब?"

माझं मत परत फिरलं. माझ्या मताला कासरा नाही, असं मास्तर म्हणायचे.

वद्य १२

अर्ज झाला. उर्दूत चारच ओळी जमल्या, मग मराठीत लिहिला. कचेरीतला पेशकार, म्हणजे कारकून, उर्दूत सांगेल. सुरुवात अशी: "आम्ही पिढ्यानपिढ्या शुद्ध लोकरीचं घोंगडं विणणारे गरीब रयत…"

वाचून दाखवला. निंगप्पाण्णानं मागावरचे पाय थांबवले. मग म्हणाले, "बाकी ब्येस हाय. ते 'शुद्ध' तेवढं काढलं तर न्हाई का चालणार?"

"कामून?"

"उगं. मोठेपणा वाटतंय."

असा विनयी माणूस मी पाहिला नाही. मी 'शुद्ध' काढलं नाहीच, उलट शेवटी आणखी एकदा घातलं. यल्लम्माक्कांच्या हातातून सूत कातायची चाती पडली. वाचन त्यांना भिडलं असावं.

मार्गशीर्ष शुद्ध ३

बरेच दिवस लिहिलं नाही. उमरग्याच्या रस्त्यावर खडी दाबायचं वाफेचं इंजिन आलं आहे. ते जाईल तिथं मी जात होतो. पुढचं चाक माणसापेक्षा उंच. ड्रायव्हर रेवणप्पा, त्यानं मला शिट्टी वाजवू दिली. नवल म्हणजे तिकडं गोणपाटावर झोपलो आणि खाज नाही. तिकडचं पाणी चांगलं.

आज परतलो, तर निंगप्पाण्णाच्या आई मल्लव्वा आतल्या खोलीत पडलेल्या. वय झालंय, बाहेर फारशा येत नाहीत. मी पाणी द्यायला आत गेलो आणि बघतो तर त्यांच्या अंगावर तांबड्या पट्ट्यांचा रग! इटलीचा! घोंगडी विणणाऱ्याच्या घरात!

निंगप्पाण्णा मागून आले. "भाच्यानं दिलाय," म्हणाले. "न्हाई म्हणता येईना."

मल्लव्वा माझ्याकडं बघत राहिल्या, मग मुलाकडं. म्हातारपणी ऐकू कमी येतं.

जेवताना निंगप्पाण्णानं सांगितलं, की धनगराच्या पंचायतीत घोंगडं अंथरून त्यावर पंच बसतात. ते देवाचं आसन. मैलाराचं, म्हणजे आमच्या खंडोबाचं. त्यावर बसून खोटं बोलता येत नाही. त्यांच्या चुलत्यानं एकदा मेंढरू चोरलं होतं. सगळ्यांना तोंडावर नाही म्हणाला, पण घोंगड्यावर बसवल्यावर घडाघडा बोलला, वर न विचारलेल्या दोन कोंबड्यांचंही सांगितलं. मी पोट धरून हसलो. निंगप्पाण्णा आधी हसले, मग एकदम थांबले आणि हात धुवायला उठले.

शुद्ध ४

उद्या कचेरी. मल्लव्वांनी मला लाडानं हाक मारली, "तम्मा, इकडं ये." उशाखालून एक जुनं घोंगडं काढलं. पार मऊ झालेलं, काठाला पांढरी रेघ. नवऱ्यानं विणलेलं, चाळीस वर्षांचं.

"साहेब खुर्चीवर बसणार. आपल्या माणसानं उघड्या भुईवर कामून बसायचं? हे अंथर."

"व्हय अव्वा."

"आन अमृतप्पाला बी ह्याच्यावरच बसव. त्याचा बाप बी ह्याच्यावर बसून पंचायत करायचा. माझं नाव सांग. न्हाई म्हणणार न्हाई."

शत्रूचीसुद्धा थंडीची काळजी. जुनी माणसं निराळीच. निंगप्पाण्णाला हे सांगू का विचारल्यावर म्हणाल्या, "त्याला कशाला? त्याला लई कामं हायत."

घोंगडं खांद्यावर टाकून दिवसभर गावात हिंडलो. मान अजिबात खाजली नाही. शेवटी पाणी मानवलं म्हणायचं.

शुद्ध ५

सगळं बुडालं असं वाटलं होतं.

कचेरीच्या अंगणात साहेबांची खुर्ची, शेजारी पेशकार. बाजाराचा दिवस, त्यामुळं धनगर, शेतकरी, बायाबापड्या, सगळे कुंपणाला टेकून. मी मोठ्या ऐटीत घोंगडं अंथरलं. निंगप्पाण्णानं ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी दिलं?"

"अव्वानं."

ते पायताण काढून बसले. अमृतप्पा आले, तेही घोंगड्याकडं बघून थबकले. "हे मल्लव्वाच्या घरचं न्हवं?"

"व्हय अप्पा. तुम्हाला बी ह्याच्यावरच बसव म्हणाल्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही डाव टाकला होता. मग चपला काढून शेजारी बसले. दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर.

पेशकारानं अर्ज वाचला. 'शुद्ध लोकरीचं' आलं, तेव्हा निंगप्पाण्णाचा हात घोंगड्यावरून फिरत होता. दुसऱ्यांदा 'शुद्ध' आलं आणि ते म्हणाले, "थांबा."

साहेब म्हणाले, "क्या हुआ?"

"साहेब, ते खरं न्हाई."

मी मागून अण्णांचा सदरा ओढला.

"तीन वर्षं झाली," निंगप्पाण्णा खाली बघून बोलायला लागले, "रग आले आन माझं घोंगडं महाग दिसायला लागलं. स्वस्त कसं करायचं? लोकरीत शेळीचे केस मिसळायला लागलो. आधी मूठभर, मग निम्मे. घोंगडं स्वस्त झालं, पण टोचायला लागलं. माणसं टोचतंय म्हणून रगाकडं गेली. ती गेली म्हणून मी आणखी केस घातले. माझ्या आईला माझं घोंगडं सोसंना. पाठ सोलून निघाली तिची. मीच अप्पाच्या दुकानातून रग आणला. भाच्यानं न्हाई. मीच."

कुंपणाला कुणीतरी "आगाई!" म्हणालं. माझा हात आपोआप मानेवर गेला. ढेकूण नव्हते, पाणी नव्हतं. अकरा रात्री मी शेळीवर झोपलो होतो!

साहेब पुढं वाकले. पेशकारानं त्यांचा सवाल मराठीत सांगितला. "रगांवर जकात वाढवली, तर शुद्ध लोकर वापरशील?"

मी मनात म्हणत होतो, अण्णा, व्हय म्हणा, एवढंच व्हय म्हणा. ते घोंगड्यावर हात टेकून म्हणाले, "खरं सांगू साहेब? जकात वाढवली असती, तर मी हेच भेसळीचं विकत राहिलो असतो. घ्यायला दुसरं काय राहिलं असतं लोकांना?"

संपलं, असं मला वाटलं. अर्ज, माग, सगळं. मुरमाचा ढीग डोळ्यांपुढं आला. साहेब अमृतप्पांकडं वळले, "तो आप जीत गये?"

अमृतप्पांचाही हात घोंगड्यावरून फिरला. कपाळावर एवढ्या थंडीत घाम. मग निंगप्पाण्णाकडं न बघता म्हणाले, "ह्यानं बोलून पंचाईत केली. आता मला बी बोलायला पाहिजे. साहेब, माझा रग पाणी पितो."

"मतलब?"

"पावसात धनगरानं पांघरला की मेलेल्या वासरासारखा जड हुतो. दोन दिवस वाळत न्हाई. आतमधी चिंध्या पिंजून घातलेल्या असतात, दुसऱ्या पावसाळ्यात बोटानं फाटतो. मला पहिल्याच साली कळलं. धनगरांना सांगितलं न्हाई. ते विचारायचे, 'अप्पा, पावसाला चालंल का?' मी म्हणायचो, 'का न्हाई चालणार?' माझ्या घरात, साहेब, पावसाळ्यात आम्ही घोंगडंच वापरतो. निंगप्पाच्या बापाच्या हातचं."

आता मात्र कुंपण हलायला लागलं. भीमण्णा नावाचा थोराड धनगर ओरडला, "अप्पा! माझं पोरगं गेल्या आषाढात तापानं फणफणलं, ते कशानं, आता कळलं!" अमृतप्पा उठून उभे राहिले, पण घोंगड्यावरून खाली पाय टाकला नाही. दोन्ही हात जोडले. "चुकलो भीमण्णा. तुझे पैसे परत करतो."

साहेबांनी डोक्याला हात लावला आणि पेशकाराला म्हणाले, "दोनों अपने ही खिलाफ बोल रहे हैं. मैं लिखूँ क्या?" पेशकारानं मान डोलावली. साहेबांनी टाक दौतीत बुडवून दोघांचंही लिहून घेतलं, जसं बोलले तसं. जकातीचं वर ठरेल म्हणाले. माझ्या अर्जावर शिक्का मात्र मारला.

सगळे पांगल्यावर ते दोघं तसेच बसून होते. मी घोंगडं कसं उचलणार? अमृतप्पांनीच सुरुवात केली.

"शुद्ध करून देशील?"

"महाग पडंल."

"पडू दे. थंडीला रग विकीन, शहरातल्या टोपीवाल्यांना आन म्हाताऱ्यांना. पण पावसाचं घोंगडं म्हणून तुझंच विकीन, तसं सांगून. सहा दे. दुकानात रगांच्या वर टांगतो. पण एक जरी केस दिसला, तर तेच घोंगडं तुझ्या गळ्यात घालून गावभर फिरवीन."

"आन तू कुणाला खोटं बोलल्याचं कळलं तर मी हे घोंगडं तुझ्या दुकानात आणून अंथरीन."

"नको रे बाबा!" अमृतप्पा म्हणाले, आणि दोघं इतके हसले, इतके हसले, की पेशकार बाहेर येऊन बघून गेला. निंगप्पाण्णाचे डोळे पुसायचे राहिले होते. तीन वर्षांत ते असे हसले नव्हते, असं यल्लम्माक्का घरी म्हणाल्या.

मी मल्लव्वांची माफी मागितली. "अव्वा, तुम्ही मायेनं घोंगडं दिलं आन त्यानं भलतंच झालं. तुम्हाला काय माहीत असं हुईल!"

त्या तोंडाला पदर लावून खूप वेळ हसत होत्या. "खरंच की तम्मा," म्हणाल्या, "मला म्हातारीला काय कळतंय."

शुद्ध ६. चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. धनगरांनी चातुर्मास लागल्यापासून वांगं खाल्लं नव्हतं, ते सगळं आजच खाल्लं.

खड्डा बुजवायचा दिवस होता. त्याऐवजी निंगप्पाण्णानं मागाला भंडारा लावला. मुरमाच्या ढिगातून पडवीची पडकी भिंत लिंपायला काढली, आणि लिंपायचं काम अर्थातच मला. शेळीच्या केसांची टोपली यल्लम्माक्कांनी दोर वळणाऱ्या सिद्धरामला देऊन टाकली. मल्लव्वांनी रग घडी करून मुलापुढं टाकला. "हा बी वाया घालवू नको. काठावर बसून बसून बूड दुखतंय म्हणत असतोस न्हवं? ह्याच्यावर बस."

आता इटलीचा रग मागाच्या काठावर आहे आणि निंगप्पाण्णा त्यावर बसून, पाय खड्ड्यात सोडून विणतात. मऊ लागतं म्हणतात. अमृतप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "बघा कुशनूरकर, वाट मोकळी होती म्हणूनच बुडाला गादी मिळाली." त्यांचं हे सुटणार नाही.

मागाच्या पूजेला नारळ पाहिजे होता. बाजार उठला होता, गल्लीत एकाच्याही घरी नारळ नाही. सगळे माझ्या पिशवीकडं बघायला लागले.

फोडला. खोबरं गोड निघालं.

शुद्ध १२

लोकर कातायला गल्लीतल्या चार बाया आल्या होत्या, बुजवलेल्या मागांच्या घरच्याच. एकीनं निंगप्पाण्णाला विचारलं, खड्डा परत खणायला किती दिवस लागतात. ते म्हणाले, "बुजवायला लागले तेवढेच."

पहिलं घोंगडं अमृतप्पांच्या दुकानात टांगलं गेलं. मला निंगप्पाण्णानं दुसऱ्याची एकच पट्टी दिली, म्हणजे अर्धंच घोंगडं. "दुसरी पट्टी गाणगापूरहून परत येशील तवा जोडून देऊ. न्हाईतर तू कुठल्या तरी इंजिनामागं जाशील." गळ्याभोवती घेऊन काल झोपलो. सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही.

माझ्या अर्जाचं काय होतं कोण जाणे. पण 'शुद्ध' दोनदा लिहिलं होतं, त्याचा उपयोग झालाच म्हणायचा.

आता हुमनाबादची गाडी मिळाली की पौर्णिमेच्या आत गाणगापूर गाठतो. नारळ तिथल्या दुकानात मिळेल. आई विचारेल, "मी दिलेलाच फोडलास ना देवापुढं?" मी व्हय म्हणीन. फक्त त्या वेळी ही पट्टी आधी खुंटीला अडकवायची आणि साध्या सतरंजीवर बसायचं, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे.